राजीनाम्याचा कागद बायबलमध्ये ठेवलेल्या पाळकबंधूंना

पत्र:

‘खानापूर तालुक्यातल्या एका मराठी मंडळीत मी अकरा वर्षं सेवा करतोय. आलो तेव्हा रविवारी साठ-सत्तर माणसं उपासनेला असायची, आता पंचवीस-तीस असतात. तरुण पोरं कामासाठी गोव्याला, पुण्याला गेली. चार घरं बेळगावातल्या मोठ्या मंडळीत जायला लागली. लहान मुलं कन्नड शाळेत आहेत, त्यांना मराठी बायबल धड वाचता येत नाही. गेल्या वर्षी हिशोबावरून मंडळीच्या दोन पंचांत वाद झाला आणि दोघांनीही मलाच दोष दिला. मानधन दोन-दोन महिने थकतं, बायको शिलाई करते म्हणून घर चालतं. खरं सांगायचं तर बायबल मी आता फक्त संदेश काढायला उघडतो. धीर देणारी वचनं पाठ आहेत, दुसऱ्यांना मीच सांगतो, मला मात्र ती लागत नाहीत. राजीनामा लिहून बायबलमध्येच ठेवलाय. मी काय वाचू? की सोडून देऊ?’

— एक पाळक, खानापूर तालुका

प्रिय पाळकबंधू, प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्रात मानधन आहे, वाद आहे, रिकामे बाक आहेत. पण आम्ही अडलो ते ‘बायबल मी फक्त संदेश काढायला उघडतो’ या ओळीवर. घरातली बाई सगळ्या पंगतीला वाढते आणि शेवटी स्वतः बसते तेव्हा टोपात काही उरलेलं नसतं, तशी तुमची गत झाली आहे. अकरा वर्षं वचन तुमच्या हातातून गेलं, ताटात पडलं नाही. त्यामुळे आणखी दहा वचनांची यादी आम्ही देणार नाही. पाठ असलेली वचनं का लागत नाहीत, ते आधी पाहू.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: वचन सुटं घेतलेलं असतं. यिर्मया २९:११ घ्या. हिताचे संकल्प, आशा, चांगला शेवट. कॅलेंडरवर हे वचन आहे, स्टेटसला आहे, लग्नपत्रिकेवरही आहे. त्याच्या अगदी आधीची ओळ मात्र बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरण्याची आहे. बाबेलला धरून नेलेल्या ज्या लोकांना यिर्मयाचं ते पत्र गेलं त्यांना घरं बांधा, मळे लावा, तिथेच राहा असं सांगितलं होतं. फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. ‘मी सर्व काही करू शकतो’ असं आपण ठासून सांगतो, पण त्याच्या आधीच्या दोन ओळी उपासमारीच्या आणि टंचाईच्या आहेत. कमी पडलं तरी मी राहू शकतो, असं पौल म्हणतोय. खचलेल्या माणसाची स्वतःची परिस्थिती नेमकी या शेजारच्या ओळींत लिहिलेली असते. त्या सोडून नुसतं वचन घेतलं की ते दुसऱ्याच कोणाला उद्देशून असल्यासारखं वाटतं.

म्हणून वचनं नकोत, उतारे घ्या. त्यातही पहिले दोन आठवडे एकच: १ राजे १७ ते १९, एलीया संदेष्ट्याची गोष्ट. एकोणिसावा अध्याय तुम्ही कितीतरी वेळा सांगितला असेल. या खेपेला तो संदेशासाठी वाचू नका. देवाने थकलेल्या सेवकाला कोणत्या क्रमाने सावरलं, तेवढंच बघा.

कर्मेलावर अग्नी पडला, पाऊस आला, आणि लगेच ईजबेल राणीच्या एका धमकीच्या निरोपाने हा माणूस पळाला. एकोणिसाव्याच्या तिसऱ्या ओळीत एक गोष्ट आहे, ती सहज नजरेतून सुटते. बैर-शेबाला पोचल्यावर एलीयाने आपल्या चाकराला तिथेच ठेवलं आणि पुढे एकटा गेला. खचलेला माणूस आधी सोबत तोडतो, मग म्हणतो की मी एकटा आहे. त्यानंतर झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवाने त्याला एका शब्दाने झापलं नाही, ‘विश्वास कुठे गेला’ असंही विचारलं नाही. त्याला झोप दिली. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं. तो उठला, खाल्लं आणि परत झोपला. दुसऱ्यांदाही तेच. खाणं दोनदा आणि झोप दोनदा झाल्यावर चाळीस दिवस-रात्रींचा प्रवास, आणि होरेबला पोचल्यावर कुठे पहिला प्रश्न: ‘एलीया, तू येथे काय करतोस?’

आपण हा क्रम उलटा लावतो. खचलेल्याला आधी प्रश्न विचारतो, मग उपदेश करतो, आणि झोपेचं नावच काढत नाही.

पुढे बघा. नववी ते चौदावी ओळ. प्रश्न दोनदा आहे आणि उत्तरही दोनदा, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. मध्ये वारा झाला, भूकंप झाला, अग्नी झाला, मंद वाणी झाली, तरी एलीयाचं गाऱ्हाणं बदललं नाही. म्हणजे तुमची प्रार्थना गेले आठ महिने तीच ती होत असेल, तर तो अविश्वासाचा पुरावा नाही. देवाने तेच गाऱ्हाणं दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकून घेतलं.

आता त्याचा हिशोब तपासा, कारण तो चुकलेला आहे. ‘मीच एकटा उरलो’ असं तो म्हणतो. पण १८:१३ मध्ये राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने स्वतः त्याला सांगितलं होतं की मी शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना अन्नपाणी पुरवलं. एलीयाला ही गोष्ट ठाऊक होती. निराशेत माणूस ठाऊक असलेली माणसंही मोजायची विसरतो. देव सात हजारांचा आकडा सांगतो तो एकदम शेवटी, अठराव्या ओळीत, आणि त्याआधी तीन कामं देतो: अरामचा राजा म्हणून हजाएलला अभिषेक, इस्राएलचा राजा म्हणून येहूला अभिषेक, आपल्या जागी संदेष्टा म्हणून अलीशाला अभिषेक. यातलं एलीयाने स्वतःच्या हाताने किती केलं? फक्त अलीशावर झगा टाकला. हजाएलचं काम २ राजे ८ मध्ये अलीशाकडून झालं, येहूचं २ राजे ९ मध्ये अलीशाने पाठवलेल्या एका शिष्याकडून. देवाने दिलेलं काम पूर्ण झालं, पण ते एलीयाच्या वहीत कधी उतरलं नाही. अकरा वर्षांचा हिशोब मांडताना हे धरून चाला.

यावरून करायचं काय, ते सांगतो.

झोपेपासून सुरुवात करा. दोन आठवडे रात्री दहाला दिवा बंद. खेड्यातल्या पाळकाचा रविवार पहाटेच्या प्रार्थनेला सुरू होतो आणि घरभेटी करून रात्री उशिरा संपतो. सोमवारी लगेच कोणाच्या तरी दाखल्यासाठी तहसीलला जाणं, दवाखान्याची फेरी. सोमवारी दुपारपर्यंत कुठेही जाऊ नका. मयत किंवा गंभीर आजार सोडून काहीही असलं तरी दुपारनंतर. फोन पत्नीकडे द्या आणि तिला हा नियम आधी समजावून सांगा, नाहीतर तीच अडचणीत येईल.

वाचनासाठी दुसरं बायबल घ्या. संदेशाचं बायबल चालणार नाही. त्यात तुमच्या निळ्या-लाल खुणा आहेत, समासात मुद्दे आहेत. डोळा खुणेवरच जाऊन थांबतो आणि खूण नसलेली ओळ वाचलीच जात नाही. कोरी प्रत मिळाली नाही तर घरात कोणाची तरी शाळेत बक्षीस मिळालेली असेल, ती घ्या. फोनवर वाचू नका. पाचव्या मिनिटाला मंडळीच्या ग्रुपवर काहीतरी येतं आणि तुम्ही पुन्हा पाळक होता.

सकाळी वीस मिनिटं, मोठ्याने. वहीत रोज दोनच वाक्यं लिहा: उताऱ्यात काय घडतंय, आणि ते वाचताना माझ्यात काय झालं. ‘काही झालं नाही’ हेही वाक्य आहे, तेही लिहा. तिसऱ्या दिवशी हमखास एक छान मुद्दा सुचेल आणि हात रविवारच्या कागदाकडे जाईल. तो मुद्दा एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका, वहीत नको. सहा आठवडे या उताऱ्यांवर संदेश द्यायचा नाही. मग रविवारी काय? मार्काचं शुभवर्तमान क्रमाने घ्या, दर आठवड्याला अर्धा अध्याय. गुरुवारी दोन तास आणि शनिवारी एक तास पुरतो. मंडळीलाही ते बरं पडतं, कारण पुढच्या रविवारी काय आहे ते घरी वाचून येता येतं.

नवव्या-दहाव्या दिवशी खंड पडेल. तिथेच बहुतेक लोक सोडतात, कारण चुकलेले दोन दिवस भरून काढायला ते तिप्पट वाचायला बसतात. मागचं भरून काढू नका. त्या दिवसाचं वाचा आणि उठा. आणखी एक: तुम्हाला कन्नड येतं. उतारा फारच ओळखीचा वाटत असेल तर एक दिवस तो कन्नड बायबलमधून वाचा. सवयीची ओळ दुसऱ्या भाषेत आली की वेग मंदावतो आणि शब्द दिसायला लागतो. सीमाभागातल्या सेवकाला मिळालेली ही देणगी आहे, आपण ती फार कमी वापरतो.

तिसऱ्या आठवड्यात स्तोत्र १३ घ्या. सहाच ओळी, दोन-दोनच्या तीन जोड्या. पहिल्या जोडीत ‘कोठवर’ चार वेळा येतं, दुसरीत मागणं आहे, तिसरीत भरवसा. या साच्यात स्वतःची प्रार्थना लिहा. तुमचे चार ‘कोठवर’ लिहा आणि लाजू नका. ‘प्रभू, मानधन कोठवर थकणार’ हेही चालतं. मग मागणं, पण नेमकं. ‘आशीर्वाद दे’ असं मोघम नको. ‘या दोन पंचांपैकी एकाला तरी माझ्याशी बोलण्याची बुद्धी दे’ असं. तिसरी जोडी मनापासून म्हणता आली नाही तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही दिलासा नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. खोटा भरवसा उच्चारून प्रार्थना पूर्ण करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. त्यानंतर ४२ आणि ४३ एकत्र वाचा, ती मुळात एकाच गीतासारखी आहेत. आपल्याच जिवाला ‘तू का खिन्न झालास’ असं विचारणारं ध्रुपद त्यांत तीनदा येतं. पहिल्या दोन वेळा त्याने भागलेलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा आलंय.

चौथा आठवडा गलती ६:१ ते १०. नववी ओळ तुम्हाला पाठ आहे: ‘चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल.’ यातल्या ‘खचणे’ या जागी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच मत्तय १५:३२ मध्ये येतो. तिथे लोकसमुदाय तीन दिवस उपाशी आहे आणि येशू म्हणतो, यांना असंच घरी पाठवलं तर वाटेत कासावीस होतील. म्हणजे पौलाच्या डोळ्यांपुढे आहे ते पोटात अन्न नसल्यामुळे पाय लटपटणं, अंगातला जोर जाणं. त्याला फक्त मनाचा दुबळेपणा समजू नका. त्या लोकांना येशूने धीराचं भाषण दिलं नाही, भाकरी दिल्या.

आता तीन ओळी मागे या. सहाव्या ओळीत लिहिलंय की ज्याला वचनाचं शिक्षण मिळतं त्याने शिकवणाऱ्याला सर्व चांगल्या गोष्टींत भाग द्यावा. ‘खचू नका’ ही ओळ या ओळीच्या सावलीत आहे. मंडळी नववी ओळ पाळकाला ऐकवते आणि सहावी झाकून ठेवते, हे बरोबर नाही. आम्ही हे ठामपणे म्हणतो, कारण कित्येक सेवक या अर्धवट वाचनाखाली पिचले आहेत. पण सहावी ओळ व्यासपीठावरून तुम्ही स्वतःसाठी वापरू नका, ती टोमण्यासारखी ऐकू जाते. पंचांच्या बैठकीत बोला आणि तीनच गोष्टी मागा. मानधन महिन्याच्या ठरावीक तारखेला, कमी असलं तरी चालेल पण तारीख चुकायची नाही. अर्पण उपासना संपताच दोघांनी मोजून वहीत दोघांच्या सह्या. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च मंडळीपुढे मोठ्याने वाचणं. पैशाची पेटी आणि किल्ली तुमच्या घरी अजिबात नको. आधार हवा असेल तर २ करिंथ ८:२० आणि २१ दाखवा. यरुशलेमसाठीची मदत नेताना कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून पौलाने दुसरी भरवशाची माणसं बरोबर ठेवली. दोन पंचांच्या वादात तुम्ही सापडलात ते बहुधा वही एकाच्याच हातात असल्यामुळे. माणसं तीच राहिली तरी पद्धत बदलली की अर्धा वाद निवतो.

गलतीच्या त्याच सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ (६:२) आणि ‘प्रत्येकाने आपला भार वाहावा’ (६:५) असं दोन्ही आहे. मूळ शब्द वेगवेगळे आहेत. पहिला दाबून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा प्रत्येकाच्या वाट्याच्या बोजाचा. एका संध्याकाळी पत्नीबरोबर बसा आणि तुमची सगळी कामं या दोन शब्दांखाली वाटून लिहा. वचनाची तयारी, प्रार्थना, आजाऱ्यांना भेटणं हा तुमचा भार. पत्रे गळतात ते बघणं, बाकांची दुरुस्ती, वीजबिल, संडे स्कूलची खुर्ची मांडण्यापासूनची व्यवस्था हे ओझं, ते वाटायचं. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो याने मोशेला सांगितलं तेही हेच, की तू असाच राहिलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. गणना ११ मध्ये तर मोशेनेही मरण मागितलं आणि देवाने उत्तरादाखल सत्तर वडीलजन दिले.

पत्नीच्या शिलाईबद्दल तुम्ही जरा खाली मान घालून लिहिलंय. करिंथमध्ये अक्‍विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करायचे, आणि पौल त्यांच्याच घरात राहून त्याच धंद्यावर जगला (प्रेषितांची कृत्ये १८:३). ती मंडळी त्या कामाच्या आधाराने उभी राहिली. रोमकरांस पत्रात पौल सलामांची यादी सुरू करतो तेव्हा फिबीनंतर पहिली नावं याच दोघांची आहेत. तुमच्या घरातल्या मशीनमुळे मंडळी चालते आहे. हे पत्नीला एकांतात सांगा आणि एकदा मंडळीसमोरही सांगा.

संख्येचं आता. मार्क ४:२६ ते २९ तुमच्या तालुक्यात समजावून सांगायची गरज नाही. मेअखेर-जूनला धूळवाफ पेरणी करणारा माणूस पाऊस पडायच्या आधी बी मातीत टाकतो, आणि भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे. पण या दाखल्यातली सत्ताविसावी ओळ बघा: पेरणारा रात्री झोपतो, सकाळी उठतो आणि बी कसं वाढलं ते त्याला कळत नाही. झोप दाखल्यातच आहे. त्यानंतर पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग भरलेला दाणा. गोव्याला गेलेली पोरं तुम्ही तोट्यात धरली आहेत. रोपं उपटून लावण केली की वाफा रिकामाच दिसतो. नोंदवहीतून त्या प्रत्येकाचं नाव काढा, तो कुठे राहतो, रविवारी कुठे जातो ते लिहा. ज्याला मंडळी सापडली नाही त्याला त्या गावच्या पाळकाच्या नावाने ओळखीचं पत्र द्या, बाप्तिस्म्याची तारीख घालून. रविवारी संध्याकाळी दोघांना फोन, पुढच्या रविवारी दुसऱ्या दोघांना. दोन महिन्यांत तुमचा आकडा वेगळा दिसेल, कारण तुम्ही एलीयासारखे ओबद्याच्या गुहेतले शंभर विसरला होता.

आणि वर्षांचं म्हणाल तर, इंग्लिश मिशनरी विल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरला. त्याच्या मिशनमधला पहिला हिंदू बाप्तिस्मा, कृष्ण पाल याचा, १८०० च्या डिसेंबरात झाला. सात वर्षं. त्याच्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून पुढे १८११ साली मराठी नवा करार निघाला आणि दुसऱ्याच वर्षी मार्चमध्ये तो छापखाना जळाला. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं, तेही वर्षानुवर्षं चिमटी-चिमटीनेच वाढलं. तुमची तुलना त्यांच्याशी करायची नाही, त्यांचं काम वेगळं होतं. सांगतो ते एवढ्यासाठी की तुमच्या हातातलं मराठी शास्त्र अशाच लांब, कोरड्या वर्षांतून आलेलं आहे.

बेळगावला गेलेली चार घरं जास्त दुखतात, ते साहजिक आहे. शेवटचे दोन आठवडे २ तीमथ्य वाचा, चारच अध्याय आहेत. चौथ्यात देमास हा सहकारी पौलाला सोडून गेला. कलस्सै ४:१४ मध्ये हाच देमास लूकच्या बरोबरीने सलाम पाठवत होता, म्हणून ते इतकं लागलं. पण त्याच्या पुढच्याच ओळीत पौल मार्काला घेऊन यायला सांगतो, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणतो. हा तोच मार्क, जो पंफुल्यातून परत फिरला होता आणि ज्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की दोघे वेगळे झाले. गेलेल्यांपैकी कोण देमास आणि कोण मार्क, हे जाताना कळत नाही. म्हणून त्या चार घरांत आजारपण असेल तर जा, मयत असेल तर जा, आणि परत येण्याचा विषय काढू नका.

तेराव्या ओळीत म्हातारा पौल तुरुंगातून काय मागतो? त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. आणि एकविसाव्या ओळीत म्हणतो, हिवाळ्यापूर्वी ये. थंडी वाजणार आहे, हे सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही. २ करिंथ ७:५ आणि ६ मध्येही तेच: बाहेर भांडणं, आत भीती, आणि देवाने सांत्वन केलं ते तीत या सहकाऱ्याच्या येण्याने. दर्शन नाही, आकाशवाणी नाही, एक ओळखीचा माणूस दारात आला. तुमचा तीत कोण? जवळच्या गावातला पाळक असेल, सेमिनरीतला जुना वर्गमित्र असेल. त्याला या आठवड्यात फोन करून ‘प्रार्थना करा’ एवढंच सांगू नका. ‘महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी, दोन तास मला भेटाल का’ असं विचारा. आपल्या मंडळीतला माणूस यासाठी घेऊ नका, उद्या तोच पंच होतो.

मुलांचं थोडक्यात. नहेम्या ८:८ मध्ये ग्रंथ वाचला आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगितला. संडे स्कूलमध्ये तीच ओळ एक मूल कन्नडमधून वाचेल, एक आजी मराठीतून वाचेल, मग मूल मराठीतून तोंडी सांगेल. रविवारी पाचच ओळी. भाषेचं भांडण रस्त्यावर खूप झालं, ते पोरांच्या वाचनात आणायला नको.

एक गोष्ट स्पष्ट विचारायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल किंवा दिवसभर उठावंसंच वाटत नसेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर सहा आठवड्यांची वाट पाहू नका. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने आधी शरीराचा उपचार दिला. गोळी घेतल्याने तुमचा विश्वास कमी होत नाही.

राहिला राजीनामा. आज देऊ नका, आणि कधीच देऊ नका असंही आम्ही म्हणत नाही. पौलाने इफिसच्या मंडळीचा शेवटचा निरोप घेतला तेव्हा तिथल्या वडीलजनांना मिलेताला बोलावून, कामाचा हिशोब देऊन, गुडघे टेकून घेतला (प्रेषितांची कृत्ये २०). प्रकृती, घरची खरी गरज, किंवा दुसऱ्यांनीही पारखलेलं दुसरं पाचारण, यापैकी काही असेल तर तसं जाता येतं. पंचांच्या बैठकीनंतरच्या रात्री लिहिलेला कागद यात बसत नाही.

तो कागद बायबलच्या पानांत घडी घालून ठेवू नका. यहूदाचा राजा हिज्कीया याला अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते वाचलं, परमेश्वराच्या मंदिरात नेलं आणि त्याच्यापुढे पसरून ठेवलं (२ राजे १९:१४). एका दुपारी मंडळीत कोणी नसताना जा. कागद उलगडून वेदीपुढे जमिनीवर ठेवा आणि त्यातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवा, पंचांच्या नावांसकट. मग मागच्या बाजूला त्या दिवसाची तारीख आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहा आणि तो पत्नीकडे ठेवायला द्या. दुसऱ्या तारखेला तुम्ही दोघं आणि तो पहिल्या मंगळवारचा मित्र, तिघं बसून तो परत वाचा.